वाचकांचे प्रश्न : युनियन आणि गेटबाहेरच्या चळवळी

कामगार संघटनांनी पगार-बोनसच्या पलीकडच्या चळवळींत उतरावं का आणि उतरायचं तर कसं, याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यांतले सात प्रश्न निवडून इथे उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : मी पगारवाढ आणि बढतीसाठी वर्गणी भरतो. आमच्या कार्यकारिणीने मात्र पाण्याच्या हक्कासाठी चाललेल्या आंदोलनाला संघटनेच्या नावाने परस्पर पाठिंबा जाहीर केला. हे युनियनचं काम आहे का?

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत. पाण्याचा प्रश्न युनियनचा नाही, ही पहिली. निर्णय परस्पर झाला, ही दुसरी. दुसरी तक्रार पूर्ण रास्त आहे, पहिली आम्हाला पटत नाही.

करारात मिळालेली वाढ घरभाडं, पाणी, औषधं आणि मुलांची फी यांत निघून जाते, आणि यांतल्या एकाही गोष्टीचा करार मालकाशी करता येत नाही. दल्ली राजहरा इथल्या लोहखाणीत १९७७ मध्ये उभ्या राहिलेल्या छत्तीसगड माइन्स श्रमिक संघाला हे फार लवकर कळलं. मजुरी वाढली तसा पैसा दारूच्या गुत्त्यांकडे वळू लागला. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघाने दारूबंदीची मोहीम हाती घेतली आणि १९८३ मध्ये कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभं केलं. या दोन गोष्टी केल्या नसत्या तर मजुरीची लढाई जिंकूनही घरात काही उरलं नसतं.

आता ‘परस्पर’चा मुद्दा. पाठिंब्याचा ठराव सभासदांपुढे न्यायची साधी रीत आहे, ती मोडली की पुढचं सगळं डळमळतं. ठरावाचा मसुदा सभेच्या किमान आठवडाभर आधी फलकावर लावावा. त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : कोणत्या नेमक्या मागणीला पाठिंबा आहे, संघटना काय देणार आहे, किती काळ देणार आहे आणि जबाबदारी कोणावर आहे. ‘आंदोलनाला आमचा सक्रिय पाठिंबा’ एवढंच लिहिलेला ठराव निरुपयोगी असतो, कारण त्यातून कोणाला उद्या काय करायचं ते कळत नाही. प्रत्येक पाळीच्या सुटण्याच्या वेळी गेट मीटिंग घ्यावी. एकाच पाळीत घेतली तर उरलेल्या पाळ्यांना बातमी अफवेच्या रूपात मिळते. विरोधात बोलणाऱ्याला पुरता वेळ द्यावा. बाजूने, विरोधात आणि तटस्थ असे तिन्ही आकडे इतिवृत्तात लिहावेत. बहुमत निसटतं असेल, समजा शंभरात पंचावन्न, तर संपासारखं महागडं पाऊल उचलू नये. तेवढ्या बळावर जागा, माणसं आणि माहिती देता येते. तीन महिन्यांनी ठराव पुन्हा सभेपुढे आणावा.

ऑस्ट्रेलियातलं एक उदाहरण इथे नीट पाहण्यासारखं आहे. १९७१ मध्ये सिडनीच्या हंटर्स हिल भागातल्या १३ गृहिणी केलीज बुश ही रानाची जागा वाचवायला धडपडत होत्या. सगळीकडून नकार मिळाल्यावर त्या बांधकाम मजुरांच्या संघटनेकडे गेल्या. जॅक मंडी तिचे सचिव होते. संघटनेने लगेच हो म्हटलं नाही. ‘आधी तुमच्या भागात जाहीर सभा घ्या, लोकांना हे हवं आहे हे दाखवा,’ असं सांगितलं. सभेला सुमारे ६०० माणसं आली आणि तिथून मागणी झाल्यावरच मजुरांनी त्या जागेवर काम करायला नकार दिला. बिगरसंघटित मजूर आणून बांधू, अशी धमकी बांधकाम कंपनीने दिली, तेव्हा त्याच कंपनीच्या दुसऱ्या इमारतीवरच्या मजुरांनी सभा घेऊन ठरवलं की केलीज बुशमधलं एक जरी झाड पडलं तर ही इमारत कायमची अर्धवट राहील. ती जागा आजही मोकळी आहे. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्थानिकांची सभा, मग त्यांची विनंती, मग मजुरांचा निर्णय. संघटनेने आपणहून कोणाचा कैवार घेतला नाही.

प्रश्न : आमची युनियन महिला हक्कांच्या परिषदेची सहआयोजक होती. पण कार्यकारिणीत एकही बाई नाही आणि कंत्राटी कामगारांना सभासदत्वच नाही. असा पाठिंबा खरा मानायचा का?

नाही. आणि ही काही आजची गोष्ट नाही.

मुंबईच्या गिरण्यांमधलं विणाई खातं आठवा. तिथे मजुरी चांगली होती, पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना तिथे घेत नसत. कारण धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या साधनात होतं. त्यातली सुताची कांडी संपली की नवी भरायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून घ्यायचं, ही तेव्हाची पद्धत. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हातात जायचा, आणि तोच विटाळ मानला जायचा. एका भोकाएवढ्या जागेत अख्खी जातव्यवस्था बसली होती. हा भेद मालकांनी चालू ठेवला हे खरं, पण सवर्ण कामगारांनाही तो हवा होता. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सगळी खाती सर्वांना खुली करण्याचा आग्रह धरला, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी ती मागणी नाइलाजाने मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला. त्याची इतरही कारणं होती, पण ज्यांना खात्यात शिरू दिलं नाही त्यांनी संपासाठी उपाशी राहावं, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे बोलताना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं त्यांनी मांडलं, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपांवर बंधनं आणणाऱ्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उभे राहिले. एकी होऊ शकत होती. ती दोघांनाही पटणाऱ्या मागणीवर झाली.

ब्रिटनमध्येही हेच दिसतं. ब्रिस्टल शहरात बसवर काळ्या आणि आशियाई माणसांना वाहक-चालक म्हणून घेत नव्हते आणि वाहतूक कामगारांच्या स्थानिक शाखेचा या बंदीला पाठिंबा होता. १९६३ मध्ये लोकांनी बसवर बहिष्कार टाकला आणि २८ ऑगस्टला बंदी उठली. त्या लढ्यात स्थानिक युनियन चुकीच्या बाजूला उभी होती.

तुमच्या ठिकाणी करायच्या गोष्टी अशा. घटना दुरुस्त करून कंत्राटी आणि हंगामी कामगारांना सभासदत्व द्या, वर्गणी पगाराच्या टक्केवारीत ठेवा म्हणजे कमी पगारवाल्यावर बोजा पडत नाही. कार्यकारिणीत महिलांसाठी एक जागा ठेवू नका, किमान तीन ठेवा. एकटी बाई असली की तिच्याकडे हळदीकुंकवापासून पाळणाघरापर्यंतचे ‘बायकांचे विषय’ जातात आणि वाटाघाटीत तिला कोणी बसवत नाही. सभा पाळी सुटल्यावर रात्री उशिरापर्यंत चालवू नका. जेवणाच्या सुट्टीत किंवा पगारी वेळेत सभा घेता यावी, ही मागणी करारातच घाला. आणि लैंगिक छळाची तक्रार सभासदाविरुद्ध आली तर युनियन त्याची वकिली करणार नाही, हे लेखी ठरवा. इथेच बहुतेक संघटना कच खातात.

प्रश्न : पत्रक काढलं, मोर्चात बॅनर नेला, फोटो आला. यापलीकडे युनियन चळवळीला नेमकं काय देऊ शकते?

बॅनर कोणीही नेऊ शकतं. युनियनपाशी इतरांकडे नसलेल्या काही गोष्टी असतात, त्या द्याव्यात.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे नकार. एखादं अन्यायाचं काम आपल्या हातून होतं का, हे आधी शोधावं. मुंबईत १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. सुधारकांची शेकडो व्याख्यानं एका बाजूला आणि वस्तरा खाली ठेवणं एका बाजूला. १९७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइडच्या कारखान्यातल्या कामगारांनी चिलीच्या हवाई दलाच्या लढाऊ विमानांची इंजिनं दुरुस्त करायला नकार दिला, कारण तिथल्या लष्कराने आदल्या वर्षी निवडून आलेलं सरकार उलथलं होतं. इंजिनं कित्येक वर्षं आवारात गंजत पडली. डब्लिनमध्ये जुलै १९८४ मध्ये डन्स स्टोअर्समधल्या एका तरुण कॅशियरने दक्षिण आफ्रिकेतल्या पपनसांचं बिल करायला नकार दिला. तसा आदेश तिच्या युनियनने तिथल्या वर्णभेदाच्या निषेधात काढलेला होता. तिला निलंबित केल्यावर सहकारी बाहेर पडले आणि संप जवळजवळ तीन वर्षं चालला. १९८७ मध्ये आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेची फळं-भाज्या आयात करणं बंद केलं. सुरुवातीला त्या संपकऱ्यांना वर्णभेदाची फारशी माहितीही नव्हती, ती संपात उभं राहून मिळाली. माणसं आधी शिकतात आणि मग लढतात, असंच नेहमी होत नाही.

नकार शक्य नसेल तिथे माहिती द्या. आत काय चालतं हे कामगाराला ठाऊक असतं : कोणतं रसायन कुठे सोडतात, रुग्णालयात किती पदं रिकामी आहेत, एका वर्गात किती मुलं बसवतात. अशी माहिती संघटनेच्या नावाने द्यावी, एकट्या माणसाच्या नावाने कधीही नाही, आणि त्याआधी वकिलाला दाखवावी.

मग येतो संघटन चालवण्याचा सराव. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीत बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिल्याने अटक झालेल्या रोझा पार्क्स यांना जामिनावर सोडवायला जे ई. डी. निक्सन गेले, ते झोपण्याच्या डब्यांवरच्या रेल्वे पोर्टरांच्या संघटनेचे स्थानिक पुढारी होते. बैठक बोलावणं, जबाबदाऱ्या वाटणं, निधी गोळा करणं हे ते वर्षानुवर्षं करत होते आणि बस बहिष्कार उभा करताना तेच उपयोगी पडलं. काळ्यांच्या नागरी हक्कांसाठीच्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ याच पोर्टर संघटनेचे. त्या मोर्चाच्या ध्वनिक्षेपकाचा खर्च मोटार कामगारांच्या युनियनने उचलला होता. देशाच्या मध्यवर्ती कामगार महासंघाने मात्र मोर्चाला पाठिंबा दिला नाही.

बारीकसारीक पण मोलाचं : सभागृह, छपाई, वकील, मोर्चासाठी स्वयंसेवक. दर पन्नास माणसांमागे एक स्वयंसेवक, हातावर पट्टी, एकमेकांचे फोन नंबर, पाणी आणि प्रथमोपचार कोणाकडे हे आधी ठरलेलं. अटक झाली तर कोणी कोणत्या पोलीस ठाण्यात जायचं, हेही.

प्रश्न : युनियनचा निधी अशा कामावर खर्च करणं कायद्याने चालतं का?

सर्वसाधारण निधी आणि राजकीय कामासाठीचा निधी वेगळे ठेवायचे, हे तत्त्व जुनं आहे. ब्रिटनमध्ये १९०९ च्या ऑस्बोर्न निकालाने युनियनना वर्गणीतून राजकीय खर्च करायला मनाई झाली. १९१३ च्या कायद्याने ती उठवली, पण स्वतंत्र निधी, त्यासाठी सभासदांचं मतदान आणि नको असलेल्याला बाहेर राहण्याची मुभा, या अटी घातल्या. भारताच्या १९२६ च्या कायद्यातही वेगळ्या निधीची तरतूद आली आणि त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. या निधीला वर्गणी देण्याची सक्ती करता येत नाही आणि न देणाऱ्याला इतर लाभांतून वगळता येत नाही. व्यवहारात वेगळं बँक खातं, वेगळं पावती पुस्तक आणि वार्षिक सभेत वेगळा हिशेब एवढं केलं की निम्मी भांडणं होतच नाहीत. दुसऱ्या संघटनेला रोख रक्कम देऊ नका. मंडपाचं, छपाईचं किंवा वकिलाचं बिल थेट भरा.

प्रश्न : आमच्या कारखान्यामुळे प्रदूषण होतं, म्हणून शेजारच्या गावांनी तो बंद करण्याची मागणी केली आहे. सातशे कुटुंबं त्यावर जगतात. आम्ही कोणाच्या बाजूने उभं राहायचं?

हा सगळ्यांत अवघड प्रश्न आहे, म्हणून उत्तर जरा लांब देतो.

अशा वेळी व्यवस्थापन हमखास एक गोष्ट करतं : कामगारांना गाड्यांत भरून गावकऱ्यांच्या विरोधातल्या मोर्चाला नेतं. त्या गाडीत बसू नका. त्या एका दिवसाने गावाशी बोलायचा रस्ता वर्षानुवर्षं बंद होतो, आणि कारखाना नंतर दुसऱ्याच कारणाने बंद पडला तर तुमच्या बाजूने उभं राहायला कोणी उरत नाही.

विषारी हवा-पाण्याचा पहिला मार कामगारालाच बसतो, तोही गावकऱ्यापेक्षा जास्त तास. म्हणून सुरुवात आतून करा. गेल्या काही वर्षांतल्या आजारपणाच्या रजा, त्वचेच्या आणि श्वासाच्या तक्रारी खात्यानिहाय लिहून काढा. कोणत्या खात्यात कोणतं रसायन वापरतात, सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा कोणत्या वेळी बंद ठेवतात, याची नोंद करा. मग गावातल्या समितीशी भेट घ्या. पहिली भेट जाहीर नसावी, दोन्हीकडून चार-पाच जण पुरेत. तिथे ‘कारखाना बंद’ ही मागणी फोडून पाहा. गावाला बहुतेक वेळा स्वच्छ पाणी, उपचार आणि भरपाई हवी असते. बंदची मागणी येते ती दुसरं कोणी ऐकत नाही म्हणून. शुद्धीकरण यंत्रणा चोवीस तास चालवणं, तपासणीचे निकाल गेटवर लावणं, तपासणी समितीत गाव आणि युनियन दोघांचे प्रतिनिधी असणं, या मागण्या दोघांनी मिळून करता येतात.

एखादी प्रक्रिया खरोखरच थांबवावी लागणारी असेल तर ते सभासदांपासून लपवू नका. तिथे भांडायचं ते अटींवर. अमेरिकेतल्या तेल, रसायन आणि अणू कामगारांच्या संघटनेचे टोनी माझोकी यांनी हा विचार पुढे आणला : समाजाच्या भल्यासाठी कामगाराची नोकरी जाणार असेल तर त्याचा पगार आणि शिक्षण यांचा भार समाजाने उचलावा. स्पेनमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये कोळसा खाणी बंद करताना युनियननी सरकारशी करार केला : ४८ वर्षांवरच्यांना लवकर निवृत्ती, तरुणांना नवं प्रशिक्षण, खाणींच्या जागा पूर्ववत करण्याच्या कामात खाणकामगारांना प्राधान्य आणि त्या भागात २५ कोटी युरोंची गुंतवणूक. करार बंद होण्याआधी झाला, म्हणून युनियनच्या हातात काहीतरी होतं. टाळं लागल्यावर वाटाघाटीला गेलं की फक्त थकीत देणी मिळतात, तीही उशिरा.

पर्याय स्वतः सुचवणं हाही एक मार्ग आहे. ब्रिटनमधल्या लुकास एअरोस्पेसच्या कामगार प्रतिनिधींनी १९७६ मध्ये शस्त्रास्त्रांऐवजी आपल्याच यंत्रांवर काय बनवता येईल, याची सुमारे १५० वस्तूंची योजना मांडली. त्यात हीट पंप होते, वैद्यकीय उपकरणं होती. व्यवस्थापनाने ती नाकारली. योजना चांगली असणं पुरत नाही, ती मान्य करायला लावणारं बळ लागतं. पण हातात लेखी पर्याय असलेल्या संघटनेला ‘यांना फक्त नोकऱ्यांची पडली आहे’ असं कोणी म्हणू शकत नाही.

प्रश्न : बाहेरच्या मागणीसाठी संप करता येतो का?

करता येतो, पण हे शेवटचं हत्यार आहे आणि कायदा बहुतेक ठिकाणी आडवा येतो. ब्रिटनमध्ये १९९० पासून दुसऱ्यांच्या वादात सहानुभूतीचा संप करणं बेकायदा आहे. भारतात औद्योगिक संबंध संहितेनुसार नोटीस दिल्यावर १४ दिवस संप करता येत नाही, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी मिळून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच ठरतो. म्हणजे ‘सामूहिक रजा’ ही पळवाट आता उरलेली नाही.

दक्षिण आफ्रिकेत ५ आणि ६ नोव्हेंबर १९८४ ला विद्यार्थी संघटना आणि कामगार संघटनांनी मिळून ट्रान्सवाल प्रांतात घरी बसण्याचं आंदोलन केलं. लाखो कामगार कामावर गेले नाहीत. काळ्यांच्या वस्त्यांमधून लष्कर मागे घ्या, ही एक प्रमुख मागणी होती. सासोल कंपनीने त्यानंतर हजारो कामगारांना काढून टाकलं. दोनच दिवसांचं आंदोलन, तरी किंमत एवढी. म्हणून तारीख ठरवण्याआधी कामावरून काढलेल्यांसाठी निधी, वकील आणि त्यांना परत घेतल्याशिवाय समझोता नाही हा ठराव, या तीन गोष्टी तयार हव्यात. त्या तयार नसतील तर काळ्या फिती, जेवणावर बहिष्कार, पाळी सुटल्यावर मोर्चा इथपर्यंतच थांबावं.

प्रश्न : आम्ही इतर नऊ संघटनांबरोबर संयुक्त समितीत आहोत. सरकार फक्त आम्हालाच चर्चेला बोलावतं, कारण आमची संख्या मोठी. जावं का?

एकटे जाऊ नका. ऑगस्ट १९८० मध्ये पोलंडच्या ग्डान्स्क बंदरातल्या लेनिन जहाजबांधणी कारखान्यात आन्ना वालेंतिनोविच या क्रेनचालक बाईला काढल्यावरून संप सुरू झाला. १६ ऑगस्टला व्यवस्थापनाने पगारवाढ आणि तिला परत घेणं मान्य केलं आणि संपाचे पुढारी लेख वालेन्सा यांनी संप संपल्याचं जाहीर केलं. कामगार गेटकडे निघाले. पण शहरातले ट्राम, बस आणि छोट्या कारखान्यांतले कामगार या मोठ्या कारखान्याच्या भरवशावर संपावर होते. हे सुटले की त्यांना चिरडणं सोपं होतं. वालेंतिनोविच, परिचारिका अलिना पिएन्कोव्स्का आणि ट्रामचालक हेन्रिका क्शिव्होनोस यांनी लोकांना गेटपाशी अडवलं आणि राहायला सांगितलं. बरेचसे गेले, थोडे थांबले. त्या थोड्यांनी त्याच रात्री आंतरकारखाना संप समिती बनवली, २१ मागण्या लिहिल्या आणि ३१ ऑगस्टला सरकारला सही करावी लागली. स्वतंत्र युनियन स्थापन करण्याचा हक्क ही त्यातली पहिली मागणी होती. पगारवाढ घेऊन सगळे घरी गेले असते तर ही मागणी कागदावरही आली नसती.

तुमच्या समितीसाठी नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. दर संघटनेला सारखं मत, सभासदसंख्या कितीही असो, नाहीतर लहान संघटना पहिल्याच महिन्यात निघून जातात. चर्चेला किमान तिघे, त्यांत एक लहान संघटनेचा आणि एक बाई. ज्या मागण्यांवर सगळे सहमत त्या तीन-चारच ठेवा, उरलेल्यांवर प्रत्येकाने आपापल्या नावाने बोलावं. पत्रकारांशी कोण बोलणार ते पंधरा दिवसांनी बदला. चर्चेतून आलेला प्रस्ताव प्रत्येक संघटनेने आपल्या सभेत नेऊन उत्तर आणायचं, त्यासाठी अठ्ठेचाळीस तास मागून घ्यायचे. सरकारी अधिकारी ‘आत्ताच सही करा’ म्हणत असेल तर प्रस्ताव लेखी मागा आणि उठून या. आणि तुम्हाला एकट्यांना आलेलं निमंत्रण तसंच्या तसं संयुक्त समितीच्या बैठकीत वाचून दाखवा, त्याच दिवशी.